पिट्सबर्गचं वॉरहॉल संग्रहालय, एका छपाईवाल्याच्या नजरेतून

पिट्सबर्गला बालाजीच्या दर्शनाला येणाऱ्या मराठी मंडळींनी अर्धा दिवस जादा काढावा आणि स्क्रीन प्रिंटनं चित्रं करणारा अमेरिकन कलाकार अँडी वॉरहॉल याचं संग्रहालय बघावं. सात मजले आहेत. मी लिहितोय ते फक्त पुढाऱ्यांच्या चित्रांबद्दल आणि तळघराबद्दल, कारण माझं आयुष्य सांगलीत स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई ढकलून छापण्यात, गेलं. लग्नपत्रिका, बिल्ले, निवडणुकीचे झेंडे, सगळं छापलं.

माओसमोरून माझा पाय निघेना. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला जाऊन आले आणि त्याच वर्षी वॉरहॉलनं माओच्या वचनांच्या लाल पुस्तकातला त्याचा फोटो घेऊन दहा प्रिंटचा संच काढला. ३६ इंच चौरस, प्रत्येकी २५० प्रती. फोटो तोच, पण एकात चेहरा निळा, दुसऱ्यात पिवळा, वरून रेघोट्या. रंगाची कड आणि चेहऱ्याची रेष जुळत नाही. आमच्याकडे रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग बसवणं, एवढं हललं तर गिऱ्हाईक अख्खा गठ्ठा परत आणून टाकतं. इथे ते मुद्दाम सोडलंय, आणि त्या फटीतूनच जाणवतं की आपण माणूस बघत नाही, त्याचा छापलेला मुखवटा बघतोय.

पण सगळ्यांत जबरदस्त निक्सन. त्याच वर्षीच्या निवडणुकीत निक्सनचे प्रतिस्पर्धी मॅकगव्हर्न यांच्या प्रचारासाठी केलेला हा प्रिंट. नारिंगी पार्श्वभूमीवर निक्सनचा हिरवा चेहरा आणि खाली हातानं लिहिलेलं ‘व्होट मॅकगव्हर्न’, बस्स. आम्ही छापायचो त्यात आपला उमेदवार हसरा, हात जोडलेला. विरोधकाचाच चेहरा मोठा करून नुसत्या शाईच्या रंगानं त्याच्याविरुद्ध बोलायचं, हे आम्हाला कधी सुचलं नाही. निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले, तरी प्रिंटची धार आजही तशीच आहे. त्यापुढे १९८५ चा चार राण्यांचा संच मला फिका वाटला. रंग देखणे, पण कुणाशी भांडण नाही.

तळघरात ‘फॅक्टरी’ आहे, तिथे स्वतः छापायला मिळतं. माझ्या नातीनं पहिल्यांदा स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, धरली. मी तिला एवढंच सांगितलं, तिरकी धर, दाब सारखा ठेव, मध्ये थांबू नकोस. स्क्रीन उचलल्यावर कागदावर हाफटोनचा (फोटो बारीक ठिपक्यांत फोडून छापतात तो) ठिपकान् ठिपका सुटा उठला होता. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी तळघर करावं, मग वर जावं. चित्रं वेगळीच दिसतात.

मंगळवारी बंद असतं. मांडणी बदलत राहते, म्हणून माओ-निक्सन सध्या भिंतीवर आहेत का, हे निघण्याआधी विचारून घ्या.