फिंचसाठी विणलेलं घरटं की मडकं?

झेब्रा फिंच (पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पक्षी) ४ ते ६ अंडी घालते आणि जोडी साधारण दोन आठवडे ती आळीपाळीने उबवते. काथ्याचं विणलेलं घरटं हलकं, हवेशीर असतं. फिंच त्यात लगेच रमतात. पण सुटलेल्या धाग्यात नखं अडकतात, पाय आवळला जातो. म्हणून टांगण्याआधी बोटं फिरवून बघा, लोंबणारे धागे कापा. धाग्यांच्या फटींत माइटसारखे बारीक किडेही लपतात. प्रत्येक वेळी पिल्लं बाहेर पडली की मी घरटं बदलतेच.

मडकं धुऊन उन्हात वाळवता येतं. मात्र तारेने घट्ट बांधा, आत सुकं गवत घाला. कापूस किंवा दोरा कधीच नको. बजरीगर (छोटे पोपट) असतील तर मडकंच. काथ्या ते कुरतडून टाकतात.