मेंढीच्या पोटातले कोकरू नर की मादी : सोनोग्राफी यंत्र काही महिने वापरल्यानंतर

सांगली जिल्ह्यातील जत आणि आटपाडीच्या पट्ट्यातील कळपांसाठी मी गेल्या पावसाळ्यापासून बॅटरीवर चालणारे, गळ्यात अडकवता येणारे सोनोग्राफी यंत्र वापरत आहे. त्याला दोन प्रोब, म्हणजे अंगाला टेकवून चित्र घेणारे वायरचे भाग, आहेत : पोटावरून पाहण्यासाठी कॉन्व्हेक्स आणि गुदमार्गातून पाहण्यासाठी लिनिअर. यंत्र घेतल्याचे कळल्यापासून मेंढपाळांचा पहिला प्रश्न एकच असतो, "डॉक्टरीणबाई, नर हाय का मादी?" या प्रश्नाचे उत्तर यंत्र देऊ शकते. मात्र ते कधी आणि कोणत्या मेंढीत देऊ शकते, हे समजून न घेता यंत्र घेणाऱ्याची निराशा होईल.

मेंढीचा गाभण काळ साधारण १५० दिवसांचा असतो. गर्भाच्या मागच्या पायांमध्ये जननेंद्रियाचा जो अंकुर असतो, तो सुरुवातीला नरात आणि मादीत एकाच जागी दिसतो. पुढे नरात तो नाळेकडे सरकतो, मादीत शेपटीकडे, आणि पन्नासाव्या दिवसाच्या आसपास आपल्या ठिकाणी पोहोचतो. त्यामुळे त्याआधी दिलेला कोणताही निकाल अंदाजच मानावा. मी ५५ ते ७० दिवसांच्या दरम्यान तपासते. त्यानंतर गर्भ मोठा होऊन पोटात खाली उतरतो, एका चित्रात मावत नाही आणि नेमका मागचा भाग प्रोबसमोर आणणे कठीण होत जाते.

खरी अडचण मात्र दिवस मोजण्याची आहे. आपल्याकडे मेंढा वर्षभर कळपातच असतो, त्यामुळे कोणती मेंढी कधी फळली, हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. ज्यांना लिंगनिदान हवे होते, त्यांना मी मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावायला सांगितला. मेंढा ज्या मेंढीवर चढतो, तिच्या पाठीमागे रंग उमटतो, आणि मेंढीचे माजाचे चक्र सुमारे १७ दिवसांचे असल्यामुळे तेवढ्या दिवसांनी रंग बदलला की पुन्हा माजावर आलेल्या मेंढ्या वेगळ्या कळतात. ज्या वाड्यांवर, म्हणजे मेंढ्यांच्या मुक्कामाच्या जागी, हे नीट पाळले गेले, तेथे माझे निकाल विण्याच्या वेळी चांगले जुळले. जेथे तारीखच नव्हती, तेथे गर्भाच्या डोक्याची रुंदी मोजून वय काढावे लागले आणि काही मेंढ्यांना पुन्हा बोलवावे लागले.

तपासणी सकाळी, कळप चरायला सुटण्याआधी करावी. रात्रभर उपाशी असलेल्या मेंढीचे पोट हलके असते आणि चित्र स्वच्छ येते. जांघेतील लोकर नसलेल्या जागी भरपूर जेल लावून कॉन्व्हेक्स प्रोब टेकवला की बहुतेक वेळा गर्भ सापडतो. तसे न झाल्यास लिनिअर प्रोब ताठ दांडीला बांधून, आधी लेंड्या काढून, सावकाश आत न्यावा लागतो. येथे घाई केल्यास आतड्याला इजा होऊ शकते. उन्हात स्क्रीनवर काहीही दिसत नाही, म्हणून मेंढपाळ माझ्या डोक्यावरून घोंगडे धरतात. त्या अंधारात नाळ जेथे पोटाला मिळते, तिच्या लगेच मागे दोन लहान, समांतर, पांढऱ्या चमकदार रेषा दिसल्या तर नर. त्याच रेषा शेपटीच्या बुंध्याखाली दिसल्या तर मादी. एका जागी त्या दिसल्या म्हणून मी थांबत नाही, दुसरी जागा रिकामी असल्याचीही खात्री करते, कारण नाळेचा पीळ किंवा मागच्या पायाचे हाड डोळ्याला सहज फसवते. गर्भ पाय मुडपून बसला असेल तर मेंढीला थोडे चालवून आणल्यावर पुन्हा पाहते.

माडग्याळ मेंढीला बहुधा एकच कोकरू होते, त्यामुळे या जातीत पद्धत उपयोगी ठरते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीतले, एकापेक्षा जास्त कोकरे होण्यास कारणीभूत असलेले फेक-बी जनुक दख्खनी मेंढीत आणून विकसित केलेल्या नारी सुवर्णा मेंढ्यांत मात्र जुळी नेहमीचीच असतात. तेथे पहिला गर्भ पाहिल्यावर दुसरा म्हणून पुन्हा पहिलाच पाहिला जाण्याचा धोका राहतो. जुळ्यांचे लिंग मी सांगणे बंद केले आहे.

नराची चौकशी का होते, हे उघड आहे. सर्जा नावाच्या माडग्याळ मेंढ्याला आटपाडीच्या बाजारात ७० लाख रुपयांना मागणी आल्याची बातमी २०२० मध्ये सर्वत्र पसरली, आणि तेव्हापासून प्रत्येक गाभण मेंढीत लोकांना तसा मेंढा दिसू लागला आहे. पण पोटात नर आहे एवढे कळल्याने त्याचे नाक, उंची किंवा वाढ कळत नाही. "नर आहे" म्हणून गाभण मेंढी चढ्या भावाने विकण्यासाठी मी लेखी दाखला देत नाही.

माझ्या मते या यंत्राचे पैसे वसूल होतात ते रिकाम्या मेंढ्या ओळखून आणि कोकरांची संख्या मोजून. रिकामी मेंढी उन्हाळ्याआधी कळली, तर तिच्यावर उपचार करता येतात किंवा ती विकता येते. संख्या ४५ ते ९० दिवसांत चांगली मोजता येते. गर्भाची बहुतांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या काळात जुळी असलेल्या मेंढीला मका भरडा आणि पेंड कमी पडली, तर प्रेग्नन्सी टॉक्सिमिया, म्हणजे गाभण काळात खुराक अपुरा पडल्याने होणारा आजार, होऊन मेंढी आणि कोकरे दोन्ही जातात. जुळ्यांच्या मेंढ्यांना वेगळा रंग लावून स्वतंत्र खुराक दिलेल्या एका वाड्यावर यंदा एकही मेंढी या आजाराने खाली बसली नाही, आणि याचे मला लिंगनिदानाच्या कोणत्याही निकालापेक्षा अधिक समाधान आहे.

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा माणसाच्या गर्भासाठी असला, तरी त्याच्या कलम ३ब नुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीला असे यंत्र विकता येत नाही. त्यामुळे पशुवैद्यकांनीही खरेदीपूर्वी जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडून, लेखी खुलासा घ्यावा आणि यंत्र कुलपात ठेवावे. वाड्यावर एखादी सासू हळूच सुनेकडे बोट दाखवते, तेव्हा मी यंत्र बंद करून पेटीत ठेवते आणि नकाराचे कारण सगळ्यांसमोर सांगते.

नव्याने घेणाऱ्यांनी आधी केवळ कॉन्व्हेक्स प्रोब आणि जास्तीची बॅटरी घ्यावी. लिनिअर प्रोब पुढच्या हंगामात, गर्भाची संख्या न चुकता मोजता येऊ लागल्यावर घेतला तरी चालेल. वायर प्रोबला जेथे जुळते तेथेच ती सर्वांत आधी तुटते, म्हणून गुंडाळताना तिला त्या जागी पीळ देऊ नये.