तीन काँग आणि एकच मोकळी संध्याकाळ: कुठला बघावा?

'किंग काँग' बघायचा ठरवलंत की पहिली अडचण उभी राहते ती 'कुठला?' ही. 1933चा मूळ कृष्णधवल सिनेमा आहे, 1976चा पहिला मोठा रिमेक आहे आणि 2005चा, दिग्दर्शक पीटर जॅक्सनचा अवाढव्य रिमेकही आहे. गोष्ट तिन्हींत तीच. एक जहाज धुक्यातल्या बेटावर पोचतं, तिथला महाकाय वानर एका तरुणीला उचलून नेतो, माणसं त्याला जेरबंद करून न्यू यॉर्कला आणतात आणि शेवटी तो एका गगनचुंबी इमारतीवरून कोसळतो. शेवट फोडला म्हणून रागावू नका. काँग मरणार हे ठाऊक असूनच आपण बघायला बसतो.

समीक्षकांनी दिलेले तारे आणि गल्ल्याचे आकडे बघून निवडायला गेलात तर फसाल, कारण दोन्ही रिमेकचं मोजमाप सिनेमापेक्षा त्यांच्या गाजावाजावरून जास्त झालं. मी स्वतः निवडताना एकच प्रश्न विचारतो: त्या मुलीला काँगबद्दल काय वाटतं? तिन्ही सिनेमे इथेच वेगळे होतात.

1933मध्ये तिला फक्त भीती वाटते. नायिका झालेली फे रे पहिल्यापासून शेवटपर्यंत किंचाळते. काँगबद्दल तिच्या तोंडून सहानुभूतीचा एक शब्द येत नाही, आणि तरीही तो कोसळतो तेव्हा पोटात तुटतं. ही करामत दृश्यपरिणाम करणाऱ्या विलिस ओब्रायनची. सुमारे 18 इंचांचे पुतळे, आत धातूचा सांगाडा, वर सशाची फर, आणि एकेका चौकटीसाठी हातानं किंचित हलवलेला एकेक अवयव; स्टॉप-मोशन म्हणतात ते हेच. या पुतळ्याला त्यानं स्वभाव दिला. डायनासोरला मारल्यावर काँग त्याचा मोडका जबडा उघडझाप करून बघतो, लहान मुलानं खेळणं तपासावं तसा. एम्पायर स्टेट बिल्डिंगवर गोळ्या लागल्यावर छातीला हात लावतो आणि बोटांना लागलेलं रक्त निरखतो. त्याची फर सारखी थरथरते, ती वाऱ्यानं नव्हे. पुतळा हलवणाऱ्यांची बोटं तिथे लागलेली असतात. मला तो दोष कधी वाटलाच नाही; माणसाचा हात पडद्यावर उमटलेला दिसतो.

सिनेमा 100 मिनिटांत आटोपतो. न्यू यॉर्कमधल्या सुरुवातीच्या भागाला पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. जहाज धुक्यात शिरतं तेव्हा मॅक्स स्टायनरचा वाद्यवृंद हळूच जागा होतो आणि मग थांबत नाही. तो क्षण कान देऊन ऐका. 2 मार्च 1933ला न्यू यॉर्कमध्ये सिनेमा लागला तेव्हा मंदी टिपेला होती, त्याच आठवड्यात देशभरच्या बँकांना टाळं लागलं, आणि तरी लोक तिकिटाच्या रांगेत उभे राहिले.

1976चा काँग मुलीला बोलू देतो. किंवा खरं तर तीच त्याच्याशी बोलते, भांडते, त्याला गुद्दे मारते. जेसिका लँगचा हा पहिलाच सिनेमा. दिग्दर्शक जॉन गिलर्मिन असला तरी शिक्का निर्माता दिनो दे लॉरेंतिसचा. काळ 1976चाच, मोहीम तेलाच्या शोधात निघालेली आणि शेवट वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांवर. बेटावर डायनासोर मात्र नाहीत, एक भलामोठा साप तेवढा आहे. तुम्ही बेटावरच्या प्राण्यांसाठी बसणार असाल तर इथेच निर्णय झाला.

या सिनेमाची प्रतीक्षा ज्या दोन गोष्टींवर उभी केली होती, त्या दोन्ही पडद्यावर जवळजवळ नव्हत्या. पोस्टरवर काँग दोन मनोऱ्यांवर एकेक पाय रोवून उभा आहे आणि मुठीत लढाऊ विमान आहे. सिनेमात तो एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि त्याच्यावर हेलिकॉप्टरं चालून येतात. दुसरी गोष्ट म्हणजे कार्लो रांबाल्दीनं बनवलेला 40 फुटी यांत्रिक काँग. त्याचा डांगोरा भरपूर पिटला गेला, पैसाही प्रचंड ओतला, पण यंत्र नीट चाललंच नाही. सिनेमात ते काही क्षण दिसतं. बाकी सगळा काँग म्हणजे वानराच्या पोशाखातला रिक बेकर. यंत्राचं कौतुक ऐकून गेलेल्या प्रेक्षकाला पोशाखातला माणूस दिसला की तो चिडणारच. स्टॉप-मोशनचे चाहते तर आधीपासून नाराज होते, आणि सिनेमाला दृश्यपरिणामांसाठी विशेष ऑस्कर मिळाल्यावर आणखीच नाराज झाले.

मला मात्र बेकरचे डोळे आवडतात. मुखवट्यातून दिसणारे ते खरे माणसाचे डोळे आहेत, आणि चांगल्या दृश्यांत तेवढे पुरतात. समीक्षकही एका सुरात बोलत नव्हते. पॉलिन केलसारख्या कडक समीक्षिकेनं त्याचं मनापासून कौतुक केलं. मधला भाग रेंगाळतो, विनोद जुने झालेत आणि त्यांतले काही आज खटकतात. शेवटची वीस मिनिटं, जॉन बॅरीचं संगीत आणि मंदावत जाणारे काँगच्या हृदयाचे ठोके, ही मात्र विसरता येत नाहीत.

आता 2005. इथे मुलीला काँग आवडतो. नेओमी वॉट्सची अ‍ॅन ही रंगमंचावर पोटापाण्यासाठी विनोदी कामं करणारी नटी. काँगसमोर ती जीव वाचवायला तेच करते: कोलांट्या मारते, पडते, आणि तो हसतो. नंतर दोघं कड्यावर बसून सूर्यास्त बघतात. काँगच्या मागे अभिनेता अँडी सर्किस आहे. त्यानं रवांडात जाऊन गोरिलांचं निरीक्षण केलं आणि मोशन कॅप्चरनं, म्हणजे नटाच्या हालचाली टिपून संगणकातल्या आकृतीला देणाऱ्या तंत्रानं, त्याच्या हालचाली आणि चेहरा काँगला दिला. मूळ सिनेमात करुणा प्रेक्षकाच्या मनात तयार होत होती, इथे ती पडद्यावरच मांडलेली आहे. काहींना हे जास्त भिडतं, काहींना वाटतं की आपल्यासाठी काही उरलंच नाही. तुम्ही यांतले कोण, हे तुम्हीच जाणता.

याच्या प्रतीक्षेचं ओझं तर विचारू नका. जॅक्सननं मूळ सिनेमा नवव्या वर्षी पाहिला आणि तेव्हापासून तो त्याच्या मागे लागला. नव्वदच्या दशकात युनिव्हर्सल स्टुडिओनं जॅक्सनचा रिमेक हाती घेतला आणि गुंडाळलाही, कारण गॉडझिलाचा अमेरिकी रिमेक आणि आणखी एका महाकाय वानराचा सिनेमा तेव्हा वाटेवर होते. मग त्याचे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सिनेमे तुफान चालले आणि जॅक्सनला हवं ते मिळालं. खर्च 20 कोटी डॉलरच्या पुढे गेला. चित्रीकरण चालू असतानाच त्यानं पडद्यामागच्या छोट्या फिल्म इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, त्यामुळे चाहते सिनेमा लागायच्या आधीच त्यात राहायला गेले होते.

14 डिसेंबर 2005ला तो लागला. अमेरिकेत पहिल्या शनिवार-रविवारसह तीन दिवसांत 5 कोटी डॉलर आले, आणि 'टायटॅनिक'शी तुलना करत बातम्यांमध्ये 'अपेक्षाभंग' हा शब्द आला. ही तुलना मला आजही अन्यायाची वाटते. 'टायटॅनिक'ची फुटपट्टी घेऊन बसलं की कोणीही बुटकाच दिसणार. समीक्षकांनी त्याला उचलून धरलं होतं, रॉजर ईबर्टनं चारपैकी चार तारे दिले, जगभरचा गल्ला पुढे 55 कोटी डॉलरच्या आसपास गेला आणि तीन ऑस्कर मिळाले. पण पहिल्या आठवड्याची बातमी एकदा चिकटली की सुटत नाही, आणि 'तो पडला ना?' हे आजही ऐकू येतं.

लांबीबद्दलची तक्रार मात्र खरी आहे. 187 मिनिटं! काँग पडद्यावर यायला तासाहून बराच जास्त वेळ लागतो. जहाजावरच्या एका तरुण खलाशाचं उपकथानक मोठ्या हौसेनं सुरू होतं आणि अर्धवट सुटतं. घळीतून पळणाऱ्या डायनासोरांच्या पायांत माणसं धावतात ते दृश्य तेव्हाही खोटं वाटत होतं, आज जास्तच वाटतं. याउलट तीन मांसाहारी डायनासोरांशी काँग एका हातात अ‍ॅनला सांभाळत झुंजतो, तो प्रसंग अजूनही श्वास रोखायला लावतो.

मुलांसोबत बघणार असाल तर एक सांगून ठेवतो. 2005मधली दरीतल्या किड्यांची मालिका भयंकर आहे, मोठ्यांनाही अंगावर येते. 1933मध्ये काँग माणसं चावतो आणि पायाखाली चिरडतो. ही दृश्यं 1938च्या पुनर्प्रदर्शनात कापली होती, पुढे परत जोडली गेली, त्यामुळे आज तुम्हाला ती दिसतील. आणि बेटावरच्या माणसांना रानटी म्हणून रंगवणं 1933मध्ये वाईट होतंच, 2005मध्येही ते सुधारलेलं नाही. मुलांशी त्यावर बोलायची तयारी ठेवा.

एकच संध्याकाळ असेल तर 1933चा बघा. जुना आहे म्हणून नव्हे; तिघांत सर्वांत कमी शब्दांत सर्वांत जास्त सांगणारा तोच आहे. कृष्णधवल सिनेमात मन रमतच नसेल तर जबरदस्ती करू नका, सरळ 2005चा लावा, पण तीन तास मोकळे ठेवून, आणि पहिला तास नेओमी वॉट्ससाठी बघा. 1976चा तिसरा ठेवा, आधीचे दोन आवडले तरच.

1933 आणि 2005चे दोन्ही बघून झाले की आणखी एक गोष्ट शोधा. 1933च्या सिनेमात दरीत पडलेल्या खलाशांना कोळी आणि किडे खातात असा प्रसंग चित्रित करून काढून टाकला होता, आणि ती फिल्म पुढे हरवली. जॅक्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो प्रसंग जुन्याच पद्धतीनं, पुतळे हातानं हलवत, कृष्णधवलमध्ये नव्यानं करून पाहिला. काही मिनिटांचाच तुकडा आहे. 20 कोटी डॉलरचा सिनेमा करणारी माणसं तिथे रबरी कोळ्याचा एकेक पाय सरकवत बसली आहेत.