प्रेमगीताचं कव्हर: कॅराओके ट्रॅक की नुसती गिटार?

जुनं गाजलेलं पॉप प्रेमगीत गायचंय, पण मागे तयार ट्रॅक ठेवू की फक्त गिटार, यावर एक मैत्रीण अडली आहे.

आधी पट्टी, कारण बहुतेक कव्हर तिथेच फसतात. मूळ गायकाची पट्टी आपल्या गळ्याला झेपेलच असं नाही. ट्रॅक ॲपमध्ये वर-खाली करता येतो, पण फार ताणला की वाद्यं नकली वाटू लागतात. गिटारवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) एक घर पुढे सरकवला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते, नाद खराच राहतो. शिवाय शेवटी पट्टी एकदम चढवायची या गाण्यांना भारी हौस! गिटारवर ती चढण सरळ गाळता येते, ट्रॅकवर नाही.

लयीचंही तसंच. श्वास कमी पडला तरी ट्रॅक थांबत नाही; गिटारवाला थांबतो. डॉली पार्टनचं १९७४ चं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ व्हिटनी ह्यूस्टनने १९९२ मध्ये गायलं, ते वाद्यांशिवाय सुरू होतं. असा मोकळेपणा ठरलेल्या ट्रॅकवर मिळणं कठीण.

मेहनत मात्र ट्रॅकला कमी, आणि वाद्यांच्या गर्दीत डळमळलेला सूर थोडा लपतो. गिटारसोबत सगळं उघडं. ऑनलाइन टाकणार असाल तर ट्रॅकच्या रेकॉर्डिंगचे हक्क गाण्याच्या हक्कांपेक्षा वेगळे असतात, तेही तपासा.

चार दिवसांत समारंभात गायचं असेल तर ट्रॅक घ्या. गाणं आपल्या ढंगात रेकॉर्ड करायचं असेल आणि साथीदार सरावाला वेळ देणारा असेल, तर गिटारच.