पेंडूर नेमके कोणते? विकिपीडियाकडे चरित्रदुरुस्ती मागण्याच्या सोयीचा अनुभव

माझे मामा दशावतारी कलावंत आहेत. वेंगुर्ले, कुडाळ आणि सावंतवाडी या तालुक्यांतील जत्रांमध्ये, मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होऊन उजाडताना संपणाऱ्या नाटकांत त्यांच्या आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे गेली. एका पुरस्कारानंतर त्यांचे नाव वर्तमानपत्रांत गाजले, तेव्हा कोणी अनोळखी माणसाने इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही विकिपीडियांवर त्यांचे छोटेखानी चरित्र लिहिले. त्या चरित्रातील तीन गोष्टी दुरुस्त करून घेण्यासाठी गेल्या वर्षी मी जी खटपट केली, तिच्यावर हा अभिप्राय आधारलेला आहे. मामांचे नाव येथे मुद्दामच देत नाही.

पहिली गोष्ट जन्मगावाची. सिंधुदुर्गात पेंडूर नावाची दोन गावे आहेत, एक मालवण तालुक्यात आणि दुसरे वेंगुर्ले तालुक्यात. मामा वेंगुर्ल्याकडच्या पेंडूरचे. परंतु एका दैनिकाच्या गौरव-पुरवणीत 'मालवण तालुक्यातील पेंडूर' असे छापून आले आणि लेख लिहिणाऱ्याने ते प्रामाणिकपणे उतरवून घेतले. दुसरी गोष्ट जन्मतारखेची. ती १ जून अशी दिलेली होती. आमच्याकडील जुन्या पिढीतील निम्मी माणसे १ जूनला जन्मलेली दिसतात, याचे कारण ज्योतिषात नसून शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीने टाकलेल्या तारखेत आहे, हे कोकणातील वाचकाला सांगण्याची गरज नाही. तिसरी गोष्ट मात्र बोचणारी होती. मामांनी आपली जुनी नाटक मंडळी पैशांच्या वादातून सोडली, असे एक वाक्य कोणी नावगाव न देता घुसडले होते आणि त्याला कसलाही संदर्भ नव्हता.

हे सगळे मी मामांना वाचून दाखवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "माझो जन्म खंय झालो तां माका म्हायत नाय, आणि त्या लिवणाऱ्याक म्हायत?" या प्रश्नातच पुढच्या साऱ्या प्रकरणाचे मर्म होते, हे मला नंतर कळले.

विकिपीडियावरील लेख कोणालाही संपादित करता येतो, म्हणून 'संपादन' या कळीवर टिचकी मारून पेंडूर बदलून टाकणे दोन मिनिटांचे काम होते. परंतु लेखाच्या विषयाशी नाते, नोकरी किंवा पैशाचा संबंध असलेल्याने स्वतः लेखात हात घालू नये, तर लेखाला जोडलेल्या 'चर्चा' पानावर आपले नाते उघड करून दुरुस्तीची विनंती करावी, अशी तेथील अपेक्षा आहे. पैसे घेऊन लिहिणाऱ्याला तर आपण कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने लिहितो हे जाहीर करणे, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापर-अटींनुसार २०१४ पासून बंधनकारक आहे. भाचा या नात्याने मी चर्चा पानाचा मार्ग धरला, पण तो धरण्यापूर्वी एक चूक करता करता वाचलो, ती सांगितली पाहिजे.

'विकिपीडियावरील मजकूर खात्रीने बदलून देऊ' असे सांगणारी एक संस्था मला भ्रमणध्वनीवर भेटली. त्यांनी निम्मी रक्कम आगाऊ मागितली, आमचा आतल्या लोकांशी संबंध आहे असे सुचवले आणि पावतीचे नाव काढताच बोलणे आवरते घेतले. त्यानंतर शोध घेताना २०१५ सालचे 'ऑरेंजमूडी' प्रकरण माझ्या वाचनात आले. त्या वर्षी इंग्रजी विकिपीडियाने एकमेकांशी साटेलोटे असलेली ३८१ खाती बंद केली. नाकारल्या गेलेल्या लेखांचे विषय असलेल्या व्यक्तींना आणि छोट्या व्यावसायिकांना गाठून, पैसे द्या म्हणजे लेख छापून आणतो आणि सांभाळतो, असा त्या टोळीचा धंदा होता. प्रत्यक्षात दुरुस्तीची विनंती करायला एक पैसाही लागत नाही आणि ती तपासणारे सगळे स्वयंसेवक असतात. पैसे मागणारा माणूस भेटला की तो या व्यवस्थेचा प्रतिनिधी नव्हे, इतके ओळखले तरी पुरे.

विनंती कशी लिहावी याची रीत ठरलेली आहे आणि ती मला आवडली. लेखातील सध्याचे वाक्य जसेच्या तसे द्यायचे, त्याखाली आपल्याला हवे असलेले वाक्य द्यायचे, मग कारण आणि छापील आधार, आणि शेवटी चार नागमोडी चिन्हे (~~~~) टंकायची, म्हणजे आपले सदस्यनाव आणि वेळ आपोआप उमटते. मी पहिल्यांदा मात्र दीड पानांचे गाऱ्हाणेच घातले. त्यात पेंडूर होते, १ जून होता, मामांना मिळालेले सगळे सत्कार होते आणि 'दशावताराचा अनभिषिक्त राजा' हे विशेषणही होते. एकोणीस दिवसांनी उत्तर आले, ते नकाराचे. स्वयंसेवकाने सौम्य भाषेत लिहिले होते की प्रत्येक बदल वेगळा मागावा, प्रत्येकाला आधार द्यावा आणि राजेपद वगळावे. मला तेव्हा राग आला. आज वाटते की एखाद्या चांगल्या संपादकाने माझ्या लेखावर जे केले असते तेच त्याने केले.

आधार म्हणून मी मामांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि त्यांची पत्रिका यांची छायाचित्रे काढून ठेवली होती. दोन्ही निरुपयोगी ठरली. हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठीचे नियम अधिक कडक आहेत आणि त्यांनुसार जन्मतारखेसारख्या खासगी तपशिलासाठी सरकारी नोंदी किंवा दाखले आधार म्हणून वापरायचे नसतात; ती तारीख विश्वसनीय प्रकाशनांत सर्वत्र आलेली असेल तरच द्यायची, नाहीतर नुसते वर्ष पुरे. शिवाय माझा दाखला १ जून म्हणत होता आणि पत्रिका आश्विन महिना दाखवत होती, म्हणजे माझाच एक साक्षीदार दुसऱ्याला खोटे पाडत होता. शेवटी लेखात केवळ जन्मवर्ष राहिले आणि तारीख गेली. मी मागितले होते त्याहून हे कमी होते, पण मागितले होते त्याहून खरे होते.

छापील शब्दच प्रमाण मानायचा म्हटले की छापील शब्दांत मतभेद असल्यास काय करायचे, हा प्रश्न उरतोच. आमच्याच किनाऱ्यावरचे उदाहरण घ्यायचे तर पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांचा जन्मदिवस काही ठिकाणी ६ जानेवारी, तर काही ठिकाणी २० फेब्रुवारी असा छापलेला आढळतो, आणि ६ जानेवारी ही तर १८३२ साली त्यांचे 'दर्पण' निघाले तो दिवस म्हणून पत्रकार दिनाची तारीख आहे. अशा वेळी ज्ञानकोशाने न्यायाधीश होऊ नये, कोण काय म्हणते ते आधारासह नोंदवावे, अशी ही पद्धत आहे.

पेंडूरचा निकाल लागला तो एका जुन्या मुलाखतीमुळे. आधार आंतरजालावर असलाच पाहिजे असा बहुतेकांचा समज असतो, माझाही होता. तो चुकीचा आहे. छापील वर्तमानपत्र किंवा पुस्तक चालते, फक्त नाव, तारीख, मथळा, लेखक आणि पृष्ठ नीट द्यावे लागते. रत्नागिरीत १८२८ पासूनचे वाचनालय आहे, त्यामुळे मी आधी तिकडचे कपाट धुंडाळण्याच्या तयारीत होतो. पण मला हवा तो अंक निघाला वेंगुर्ल्यातील एका नाट्यवेड्या किराणा दुकानदाराच्या माळ्यावर, वाळवीने कडा खाल्लेल्या बांधीव गठ्ठ्यात. त्यात मामांनी स्वतःच्या तोंडाने वेंगुर्ल्याकडच्या पेंडूरमधील बालपण सांगितले होते. स्वतःविषयीचे साधे, वादग्रस्त नसलेले आणि स्वतःची बढाई न मारणारे विधान त्या व्यक्तीच्याच प्रकाशित शब्दांवरून स्वीकारता येते. ही दुसरी विनंती सुमारे दोन महिन्यांनी मान्य झाली.

म्हणजे मामांचा प्रश्न रास्तच होता, पण त्याचे उत्तरही तेवढेच रास्त आहे: तुम्हाला ठाऊक आहे हे मान्य, ते कुठे छापून आले आहे ते दाखवा. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांनाही हाच अनुभव आला होता. आपल्या एका कादंबरीची प्रेरणा कोण, याबद्दलची चूक त्यांनी कळवली, तेव्हा लेखक हा स्वतःच्या कृतीचा जाणकार असला तरी दुय्यम, म्हणजे इतरांनी प्रकाशित केलेला, आधार हवा असे उत्तर त्यांना मिळाले. अखेर २०१२ च्या सप्टेंबरात त्यांनी 'द न्यूयॉर्कर'मध्ये अनावृत पत्र लिहिले आणि त्या प्रकाशित पत्राचाच पुढे आधार झाला. रॉथ यांच्यासाठी एक नियतकालिक हजर होते. दशावतारी कलावंताबद्दल मुळातच फार थोडे छापले जाते, आणि या पद्धतीची खरी मर्यादा मला येथे दिसते. तो दोष विकिपीडियाचा म्हणता येत नाही. आम्ही कोकणातली माणसे गजालीत सगळे सांगतो आणि कागदावर काही ठेवत नाही.

पैशांच्या वादाचे वाक्य मात्र एका दिवसाच्या आत निघाले. हयात व्यक्तीविषयीचा वादग्रस्त आणि निराधार मजकूर चर्चेसाठी थांबून न राहता तत्काळ काढावा, असा नियम आहे आणि त्यासाठी वेगळा सूचनाफलकही आहे. हा कडकपणा अनुभवातून आला असावा. २००५ साली अमेरिकेतील पत्रकार जॉन सायगेनथेलर यांचा केनेडी बंधूंच्या हत्यांशी संबंध जोडणारा खोटा मजकूर त्यांच्या चरित्रात कित्येक महिने कोणाच्या लक्षात आला नव्हता. ज्यांच्या चरित्रात असे काही बदनामीकारक असेल त्यांनी माझ्यासारखा दीड पानांचा मजकूर न लिहिता, ते एकच वाक्य उचलून 'याला संदर्भ नाही' एवढेच आधी सांगावे.

मराठी विकिपीडियाचा बाज निराळा आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या आवृत्तीत हात थोडे आहेत, म्हणून लेखाच्या चर्चा पानाबरोबरच 'चावडी' या सार्वजनिक पानावरही लिहावे. तेथे मला एका सदस्याने पेंडूर नावाच्या दोन्ही गावांबद्दल आपणहून विचारले, कारण त्याचे आजोळ मालवणकडच्या पेंडूरचे निघाले. दुरुस्ती त्याच संध्याकाळी झाली. मात्र एका भाषेतील दुरुस्ती दुसऱ्या भाषेत आपोआप उतरत नाही, दोन्हीकडे स्वतंत्र विनंती करावी लागते, हे आधी माहीत असते तर माझा एक महिना वाचला असता.

आता राहिले आहे ते छायाचित्र. ते स्वतः काढलेले असावे आणि कोणालाही, अगदी व्यावसायिक कामासाठीही, श्रेय देऊन वापरता येईल अशा मुक्त परवान्याखाली द्यावे लागते. माझ्याकडे मामांचे अंगणातील एक छायाचित्र तयार आहे, पण रंग लावल्याशिवायचा चेहरा लोकांना दाखवायला ते राजी नाहीत. अजून अधूनमधून ते भूमिका करतात, तेव्हा कार्तिकातल्या जत्रा सुरू होईपर्यंत ती विनंती मी थांबवून ठेवली आहे.