सुडो नसताना एनपीएम: प्रिफिक्स बदलावा की एनव्हीएम घ्यावा?

कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या सामायिक लिनक्स सर्व्हरवर सुडो (रूटच्या, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनच्या, अधिकाराने कमांड चालवण्याची सोय) नसतो. तिथे एनपीएमने (नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची पॅकेजेस बसवणारं साधन) एखादं टूल सगळीकडे चालेल असं बसवायला ‘एनपीएम इन्स्टॉल -जी’ दिलं की ‘ईएसीसीईएस: परमिशन डिनाइड’ येतं. कारण साधं आहे: एनपीएम ‘/यूएसआर/लोकल/लिब/नोड_मॉड्यूल्स’मध्ये लिहायला जातो आणि ती डिरेक्टरी रूटची असते. टूल एकाच प्रोजेक्टला लागत असेल तर ‘-जी’ काढा, एनपीएक्सने (प्रोजेक्टमधलं टूल थेट चालवणारी कमांड) चालवा, प्रश्न मिटला. सगळीकडेच हवं असेल तर दोन वाटा उरतात: एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारा आवृत्ती-व्यवस्थापक) घेणं, किंवा प्रिफिक्स (एनपीएम ग्लोबल पॅकेजेस जिथे ठेवतो ती डिरेक्टरी) बदलून आपल्या होम डिरेक्टरीत आणणं.

एनव्हीएम अख्खा नोडच होम डिरेक्टरीत उतरवतो. सर्व्हरवरचा नोड जुना असेल, किंवा दोन प्रोजेक्टना दोन आवृत्त्या हव्या असतील, तर हाच घ्या; प्रिफिक्स बदलून नोड नवा होत नाही. एनपीएमची अधिकृत शिफारसही आवृत्ती-व्यवस्थापकाचीच आहे.

प्रिफिक्सचं काम एका ओळीचं: ‘एनपीएम कॉन्फिग सेट प्रिफिक्स ~/.लोकल’. उबुंटूच्या मूळ ‘.प्रोफाइल’मध्ये (लॉगिनवेळी वाचली जाणारी फाइल) ‘~/.लोकल/बिन’ पाथला (कमांड जिथे शोधल्या जातात त्या डिरेक्टरींची यादी) जोडण्याची सोय आधीच असते, म्हणून पुन्हा लॉगिन केलं की पुरतं. इतरत्र ती ओळ स्वतः घालावी लागते.

माझा कल ठरला तो क्रॉनमुळे (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सेवा). एनव्हीएम ‘.बॅशआरसी’मधून (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) लोड होतो आणि क्रॉन ती फाइल वाचत नाही. टूलच्या फाइलचा पूर्ण पत्ता दिला तरी भागत नाही, कारण टूलच्या पहिल्या ओळीतला ‘एन्व्ह’ पाथमध्ये नोड शोधतो, तो सापडत नाही आणि जॉब १२७ (‘कमांड सापडली नाही’) कोड देऊन पडतो. टर्मिनलवर तीच कमांड बिनतक्रार चालते, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. शिवाय फाइलच्या त्या पत्त्यात आवृत्तीचा आकडा असतो. नोड बदलला की क्रॉनटॅब (क्रॉनच्या कामांची यादी) बदला. ‘एनव्हीएम-एक्झेक’ने (योग्य नोड लावून कमांड चालवणारी स्क्रिप्ट) यातून सुटका होते, पण ते दर ओळीत लिहायचं. नव्या आवृत्तीत जुनी ग्लोबल पॅकेजेसही आपोआप येत नाहीत, ‘--रीइन्स्टॉल-पॅकेजेस-फ्रॉम’ द्यावं लागतं.

प्रिफिक्समध्ये नोड ‘/यूएसआर/बिन’मध्येच राहतो, क्रॉनला तो दिसतो. त्रास होतो तो अ‍ॅडमिनने नोडची मुख्य आवृत्ती वाढवली तर: सी++मध्ये कंपाइल झालेली मॉड्यूल्स अडतात, ‘एनपीएम रीबिल्ड -जी’ करावं लागतं. माझ्या वापरात हे क्वचितच.

प्रत्येकाची गरज वेगळी, पण सर्व्हरवरचा नोड चालण्याजोगा असेल तर मी प्रिफिक्सच सुचवेन. दोन्ही एकत्र मात्र ठेवू नका. ‘.एनपीएमआरसी’मध्ये (एनपीएमच्या सेटिंग्जची फाइल) प्रिफिक्स दिसला की एनव्हीएम कुरकुरतो. पुढे एनव्हीएमकडे वळायचं ठरलं तर आधी ‘एनपीएम कॉन्फिग डिलीट प्रिफिक्स’ चालवा.