घरकुलावर गवंडी ट्रेनिंग देतो म्हणून ४,५०० घेतले आणि ४१ दिवस फुकट राबवून घेतलं

हे लिहायला मला पाच महिने लागले. स्वतःचे पैसे गेले त्याचं दुःख आहेच पण त्याहून जास्त याचं की गावातल्या बाकी ६ पोरांना मीच घेऊन गेलो होतो, माझ्या शब्दावर त्यांच्या घरच्यांनी पैसे दिले. आत्ता परत आमच्या भागात तसलेच मेसेज फिरायला लागलेत, "घरकुल गवंडी प्रशिक्षण, शासन अनुदानित, रोज ५०० मानधन, टूलकिट मोफत", म्हणून म्हटलं जे झालं ते सगळं सांगून टाकावं.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. मी बीए करून घरीच होतो. दोघं मित्र मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणमध्ये होते, ते लाडका भाऊ म्हणतात ना ते, बारावी पासला ६,००० महिना. ती मुदत संपली की परत काय हा प्रश्न होताच. आणि त्याच वेळेस म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्यात कार्यक्रम झाला, एका दिवसात राज्यातल्या २० लाख घरकुलांची मंजुरीपत्रं वाटली. आमच्या छोट्या गावातसुद्धा कितीतरी लोकांना घरकुल लागलं आणि गवंडी मिळेना. जो मिस्त्री आधी सांगू त्या दिवशी यायचा तो आता दोन दोन महिन्यांची तारीख द्यायला लागला. त्यामुळे कोणी येऊन म्हणलं की पोरांनो गवंडीकाम शिका तर ते अगदी बरोबर वाटायचं, आणि आजही मला वाटतं की ते बरोबरच आहे, माणूस चुकीचा होता.

मार्चमध्ये हा माणूस गावात आला. गळ्यात आयकार्ड, हातात फाईल, सोबत एक पोरगा बॅनर धरायला. आम्ही त्याला सर म्हणायचो. मारुतीच्या पारावर बसून त्याने जे सांगितलं त्यातलं बरंचसं खरं होतं बरं का, आणि हेच मला सगळ्यांना सांगायचंय. तो म्हणाला की प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये गवंडी प्रशिक्षण असतं, ४५ दिवसांचं, वर्गात नाही तर खऱ्या घरकुलावर. खरं आहे. तो म्हणाला की घरकुलाला ठेकेदार लावता येत नाही, लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असतं, पण लाभार्थी म्हातारा किंवा अपंग असेल आणि त्याला बांधून घेणं जमत नसेल तर असं घर गवंडी प्रशिक्षणात घ्यायचं असा नियम आहे. हेही खरं आहे, मी नंतर योजनेची मार्गदर्शक सूचना स्वतः वाचली, तिच्यात हेच आहे. त्याने त्या पानाची झेरॉक्सच आणली होती, पिवळ्या मार्करने ओळ रंगवून. मग पुढे त्याने हळूच विश्वकर्मा योजना त्यात मिसळली. प्रधानमंत्री विश्वकर्मामध्ये राजमिस्त्री हा धंदा आहे, ट्रेनिंगला ५०० रुपये रोज आहे, अवजारांसाठी १५,००० चं व्हाऊचर आहे, हेही खरंच. फक्त ते ट्रेनिंग थोड्याच दिवसांचं असतं आणि योजनाच वेगळी. याने दोन्हीची मोट बांधली आणि म्हणाला ४५ गुणिले ५००, झाले साडेबावीस हजार, वर अवजारांची पेटी, वर सर्टिफिकेट.

मग शेवटी पैसे. रजिस्ट्रेशन १,५०० आणि पेटीचं डिपॉझिट ३,०००, पेटी मिळाली की डिपॉझिट खात्यात परत. फोनपे केलं तर समोर कोणत्यातरी बाईचं नाव आलं. मी विचारलं, तर म्हणाला अकाउंटंट मॅडमचं खातं आहे, संस्थेच्या खात्यावर ऑडिट चालू आहे. मी गप्प बसलो. माझ्या आईने तेव्हा नुकते हळद काढायला जाऊन आलेले पैसे दिले होते. ७ जणांचे मिळून ३१,५०० रुपये त्याने एका दुपारी गोळा केले, पावती दिली ती साध्या पावतीपुस्तकातली, वर नुसता रबरी शिक्का, नोंदणी नंबर वगैरे काहीच नाही.

काम लागलं आमच्याच गावातल्या एका आज्जीच्या घरकुलावर. नवरा गेलेला, मुलगा नाही, गुडघ्यांमुळे उठबस होत नाही, म्हणजे तो नियम जिला तंतोतंत लागू होतो अशी बाई त्याने शोधून काढली होती. तिला सांगितलं की घर सरकार पोरांकडून बांधून देणार, तुम्ही फक्त हप्ता आला की मालाचे पैसे द्यायचे. पहिले दोन दिवस आम्हाला पिवळी हेल्मेट आणि जॅकेट घालून बॅनरसमोर उभं केलं, फोटो काढले, आधार आणि पासबुकची झेरॉक्स घेतली, अंगठे घेतले "हजेरीसाठी". फोटो झाले की हेल्मेट जॅकेट परत गाडीत.

शिकवायला एक म्हातारे मिस्त्री आणले होते नांदेडकडचे. त्यांच्याबद्दल मला वाईट बोलायचंच नाही. आठ दिवसात त्यांनी जे शिकवलं ते मला आजही पाठ आहे. विटा आदल्या रात्री भिजवून ठेवायच्या नाहीतर ती मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा पकडत नाही. कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजायचं, तिरपं बरोबर पाच फूट आलं तरच गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. उभा सांधा उभ्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. दर तीन चार थराला ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का बघायचं दोरीला लावलेलं वजन, सोडायचा, डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. नवव्या दिवशी मिस्त्री आलेच नाहीत. सर म्हणाले घरी अडचण आहे. नंतर कळलं की त्यांची एकाही दिवसाची मजुरी दिली नव्हती.

त्यानंतर आम्हीच बांधत राहिलो. शिकायला आलेली पोरं, बघायला कोणी नाही, आणि सर फोनवर म्हणायचे फास्ट घ्या फास्ट, लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत गेलं की पुढचा हप्ता पडतो. कारण घरकुलात तसंच असतं, काम कुठवर आलं त्याचा जागेच्या नोंदीसकट फोटो मोबाईलवरून चढवतात (जिओटॅग) आणि त्यावर हप्ता थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतो. म्हणजे पैसा आज्जीच्या खात्यात येत होता, बरोबर ठिकाणीच. पण पैसे आले की सर तिला गाडीत बसवून बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात न्यायचे, अंगठा लावायचा, पैसे त्यांच्या हातात. आज्जी आम्हाला म्हणायची किती भला माणूस आहे रे, मला गाडीत नेतो.

पंधराव्या दिवशी भिंती लिंटेलला टेकल्या आणि सर म्हणाले आता सेकंड साईट, मोठं काम शिकायचं. ते होतं रोडवरचं एका खताच्या दुकानवाल्याचं गोडाऊन. तिथं २६ दिवस. एप्रिल मे चं ऊन, पाणी घरून न्यायचं, डबा घरून न्यायचा, जायला यायला पेट्रोल आपलं. तिथं शिकणं असं काही नव्हतंच, घमेली उचला, खडी भरा, सळई वाका. एकाच्या पायात खिळा घुसला तर धनुर्वाताचं इंजेक्शन त्याने स्वतःच्या पैशाने घेतलं. मानधनाचं विचारलं की "बिल जिल्ह्याला पेंडिंग आहे, ४५ दिवस पूर्ण झाल्यावर एकदम पडतं, मध्ये सोडलं तर नाव कटतं". हे नाव कटतं वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं की आम्ही आजारी असतानापण गेलो.

४२ व्या दिवशी फोन बंद. तालुक्यात ज्या गाळ्यावर बॅनर होता तिथं गेलो तर गाळा रिकामा, मालक म्हणाला माझंही भाडं राहिलंय.

गोडाऊनच्या मालकाकडे गेलो मजुरी मागायला, आणि त्याने डायरी काढून दाखवली. माणशी ५५० रुपये रोज, ७ माणसं, २६ दिवस, दर आठवड्याला सरांना पोच. एक लाख शंभर रुपये. त्याला वाटत होतं तो लेबर ठेकेदार आहे, आम्हाला वाटत होतं ते शिक्षक आहेत. मी तिथं पायरीवर बसलो ते मला उठताच येईना. आईच्या हळदीच्या मजुरीतून फी भरून मी दुसऱ्याची मजुरी कमवून दिली होती.

मग पंचायत समितीत गेलो घरकुल विभागात. तिथले इंजिनियर म्हणाले आमच्या तालुक्याला अशी बॅचच मंजूर नाही. मंजूर असली की आम्हाला माहीत असतं, कारण कोणत्या लाभार्थ्याचं घर घ्यायचं ती यादीच आमच्याकडून जाते, शिकणाऱ्याकडून एक रुपया घ्यायचा नसतो आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरचा माणूस येतो. एवढंच. दोन मिनिटात बोलून झालं. हा प्रश्न मार्चमध्ये विचारला असता तर एका दिवसाचं एसटीचं तिकीट लागलं असतं फक्त. मी ग्रामसेवकालाही विचारलं नव्हतं, कारण सर म्हणाले होते की ग्रामसेवकाला कळलं तर तो स्वतःची माणसं घुसवतो. आता वाटतं तेव्हाच कान टवकारायला पाहिजे होते. सरकारी योजना आहे आणि ग्रामपंचायतीला सांगू नका असं कोणी म्हणत असेल तर तिथूनच उठा.

अजून एक गोष्ट इंजिनियर साहेबांकडून कळली ती आज्जीला कोणी सांगितलीच नव्हती. घरकुलाच्या १,२०,००० शिवाय लाभार्थ्याला रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरी मिळते, तेव्हाच्या ३१२ रुपये दराने ती २८,०८० होते. आज्जीने एकदा विचारलं होतं म्हणे, तर सरांनी सांगितलं ती मजुरी ट्रेनिंगमध्ये वळती होते. असं काही नसतं. तुमच्या घरात कोणाचं घरकुल चालू असेल तर ग्राम रोजगार सेवकाकडे मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर कोणाची नावं आहेत ते आजच बघा.

आज्जीच्या खात्यातून एकूण ६५,००० उचलले गेले. विटा, वाळू, सिमेंट, सळई याचा हिशोब गावातल्या जाणत्या माणसांनी लावला तर ४० हजारांच्या आत बसतो. आणि त्या वर्षी मे संपायच्या आतच पाऊस आला, वर स्लॅब नाही, भिंती उघड्या. ते नांदेडचे मिस्त्री, त्यांचा नंबर एका पोराकडे होता, त्यांना फोन केला, ते स्वतःच्या खर्चाने आले. त्यांनी ओळंबा सोडला. पूर्वेकडची भिंत सात फुटात दीड इंच बाहेर. ती भिंत मी आणि माझ्या मित्राने उचलली होती, मिस्त्री गेल्यानंतर. मिस्त्री म्हणाले यावर स्लॅब टाकू नका, एवढंच म्हणाले, आम्हाला रागावले नाहीत.

पोलिसांचं सांगतो कारण पुढे कोणाला लागेल. आधी ठाण्यात म्हणाले तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, मजुरीचा वाद असेल तर कामगार ऑफिसला जा. आम्ही परत गेलो, यावेळी ७ जण, आज्जी, मिस्त्री आणि गोडाऊनवाल्याच्या डायरीची झेरॉक्स घेऊन, आणि पंचायत समितीकडून बॅच मंजूर नसल्याचं लेखी घेऊन. त्या लेखी कागदाने फरक पडला. मग फसवणुकीची तक्रार घेतली, जुन्या ४२० च्या जागी आता भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम आहे ते लावलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला पण फोन केला, तिथं कळलं की ऑनलाईन गेलेल्या पैशाचं लगेच, पहिल्या काही तासातच कळवलं तर खातं गोठवायला वाव असतो, आम्ही तर दोन महिन्यांनी फोन करत होतो, खात्यात काही उरलेलंच नव्हतं. तपास चालू आहे. पैसे आलेले नाहीत. आम्ही सगळ्यांनी आणि आज्जीने एमआधार ॲपवर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घेतलंय कारण अंगठे त्याच्याकडे दिले होते. हे फुकट होतं, पाच मिनिटाचं काम आहे, करून घ्या.

एका मित्राचे वडील अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

दिवाळीनंतर आम्ही पाच जणांनी पूर्वेची भिंत उतरवली. विटा जमेल तेवढ्या सोलून घेतल्या, आणि मिस्त्री दर रविवारी येतात, त्यांना आम्ही वर्गणी काढून मजुरी देतो, ते घ्यायला नको म्हणत होते पण दिली. आता दर तीन थराला ओळंबा सोडतो. खिडकीच्या पातळीपर्यंत आलीये. स्लॅबचे पैसे राहिलेल्या हप्त्यात आणि रोहयोच्या मजुरीत बसवायचेत, त्याचा अर्ज दिलाय.

हिंगोली, नांदेड, परभणी, वाशिम या भागात कोणी याच पद्धतीने पैसे भरले असतील, पावतीवर नोंदणी नंबर नाही, फोनपेला बाईचं नाव आणि "अकाउंटंट मॅडम" असं सांगितलेलं, तर लाजेने गप्प बसू नका, ती पावती आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि आपापल्या ठाण्यात तक्रार द्या. आम्हाला तपास अधिकारी म्हणाले की दुसऱ्या तालुक्यातून एक जरी तक्रार आली तरी केस वेगळी उभी राहते.